कॉटशेजारची खुर्ची

"ती नळी काढून टाक," दादा तिच्या पाठीमागून म्हणाला. "आणि गाल जरा भर. लोक बघणार आहेत."

धाकटीने मान वळवली नाही. स्क्रीनवर बाबा दवाखान्याच्या कॉटवर पडले होते, डोळे मिटलेले, नाकात नळी. बाबांना जराशी डुलकी लागली होती तेव्हा तिने मांडीवर टॅबलेट घेऊन ते तिथेच रेखाटलं होतं. घाईघाईच्या रेषा, एकीवर एक चढलेल्या. उशीच्या जागी नुसते फराटे. आता त्याचं मोठं चित्र होत होतं. त्या कच्च्या रेषा फिकट करून तिने तळाशी ठेवल्या होत्या, वरच्या लेयरवर पक्क्या रेषा घेतल्या होत्या, रंग भरले होते. सकाळपासून ती फक्त बाबांच्या कपाळावरचा खिडकीचा उजेड चढवत होती. रविवारी बाबांच्या आठवणीसाठी माणसं जमणार होती. चित्र समोरच्या भिंतीवर लागणार होतं.

"नळी होती," ती म्हणाली.

"होती गं. पण आता कशाला? तुझं एक बटण दाबलं की जाते ना?"

तिने बटण दाबलं. नळी गेली. नाकाखाली पांढराफटक पट्टा उरला.

"बघ. खाली काही नाहीच."

"मग रंगव ना तिथे. तुला काय अवघड आहे!"

नळीच्या चिकटपट्टीने बाबांची तिथली कातडी खरं तर सोलवटली होती. धाकटीने दात आवळून धडधाकट ओठ रंगवला, गाल भरले. बाबा बरे दिसायला लागले. तिला ते बघवेना.

"छान," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "आता बाजूला एक खुर्ची काढ. तिच्यावर मी."

पेन थांबलं.

"काय?"

"मी बसलोय, बाबांचा हात हातात घेऊन. चेहरा नीट नाही दिसला तरी चालेल."

"बाबांचा हात सुजून भोपळा झाला होता, दादा. नुसतं बोट लागलं तरी कळवळायचे. हात कुणीच धरत नव्हतं. आई पायाचा अंगठा धरून बसायची." ती वळली. "तुला कसं माहीत असणार म्हणा."

"सुट्टी मिळत नव्हती, किती वेळा सांगू? तुझं बरं आहे. घरबसल्या चित्रं काढायची. तुला कोण विचारणार होतं?"

तिची कानशिलं तापली. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये फरशीवर बसून, पाण्याच्या मशीनचा प्लग काढून तिथे चार्जर लावून तिने पुस्तकांची कव्हरं पुरी केली होती. त्यातलं एक काम उशीर झाला म्हणून हातचं गेलं होतं.

"दाराचा आवाज झाला की बाबा डोळे उघडायचे," ती एवढंच म्हणाली. "आम्ही सांगायचो, निघालाय, येतोय."

दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"सगळे विचारतात, शेवटी जवळ होतास ना? मी हो म्हणून बसलोय."

"कुणाला?"

"ऑफिसात. शेजाऱ्यांना." त्याने घसा खाकरला. "माझ्या पोरांनाही."

हे ऐकून तिचा राग उतरायला हवा होता. उलट तो डोक्यात गेला. हा खोटं बोलला ते बोलला. आता ते तिच्या हातून खरं करून हवं होतं.

"बरं," ती म्हणाली.

तिने नवा लेयर घेतला. कॉटशेजारी खुर्ची काढली, खुर्चीवर ताठ पाठीचा माणूस काढला, इस्त्रीच्या कॉलरचा. तोंडाच्या जागी सपाट राखाडी रंग ओतला, नाकडोळे नंतर. पेन ती इतकं दाबत होती की काचेवर त्याचं टोक करकरत होतं.

"हात हातात घेता येणार नाही. दुखायचा त्यांना," ती म्हणाली. "मनगटावर ठेवते."

"ठेव," दादा म्हणाला.

तेवढ्यात आई पदराने चष्मा पुसत आत आली. चष्मा लावून ती स्क्रीनजवळ वाकली. बाबांकडे बघत राहिली. कपाळावरच्या उजेडाला तिने अलगद बोट लावलं.

"अगदी असंच ऊन यायचं," ती म्हणाली. मग तिची नजर बाजूला सरकली.

"आणि हे कुठले गं डॉक्टर? नाडी बघतायत ते? आपले डॉक्टर तर कधी खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत."

दादा खिडकीकडे तोंड करून तसाच उभा होता.

धाकटीने पेन टेबलावर ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "आई विचारतेय."