पापा कुणी घेतला?

बाळ झाल्यापासून सुनेनं सासूबाईंना खोलीच्या दारातच थोपवलं होतं. "जंतू लागतात, आई." "अगं, नुसतं बघायलाही हात धुवायचे का?" म्हणत त्या उंबऱ्यावरूनच नातवाशी गप्पा मारायच्या.

आज डॉक्टर बाळाच्या सुजलेल्या डोळ्यावर वाकले होते. "विषाणू थेट बुबुळापर्यंत गेलाय. औषधं आत्ताच सुरू करू, पण डाग राहिला तर नजर अधू होईल, पुढे बुबुळ बदलावं लागेल. ओठावर फोड आलेला असताना कुणी याचा पापा घेतला होता?"

सुनेचा हात आपसूक स्वतःच्या ओठाकडे गेला. फोड नुकताच बरा झाला होता.

"कुणी घेतला?" नवरा कडाडला.


"मीच रे," सासूबाई म्हणाल्या, "चोरून."