मेन स्विचची किल्ली

“पुढे लिहा,” हेमंत हिंदीत म्हणाला, “त्या दिवशी मशीन चालवायला मीच सांगितलं होतं.”

हायकोर्टासमोरच्या फुटपाथवर निळ्या प्लास्टिकचं छप्पर होतं. त्याखाली टायपिस्ट घोषबाबूंची बोटं टाइपरायटरवर थांबली. त्यांनी चष्म्यावरून एकदा हेमंतकडे पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला सुरुवात केली.

शकुन शेजारच्या बाकावर बसली होती. मांडीवर सुतळीने बांधलेला मिठाईचा खोका.

“सगळं सांगा, भावोजी,” ती म्हणाली. “काही ठेवू नका.”

भावोजी. अपघातानंतर तिने ही हाक कधी मारली नव्हती. हेमंत खुर्चीत जरा सैलावला.

शकुनच्या नवऱ्याला, मनोहरला, भोसरीहून हावड्याला त्यानेच आणलं होतं. हेमंत कारखान्याचा मॅनेजर, मनोहर तिथेच प्रेस मशीनवर. दोन्ही घरांचे गणपती एकत्र बसायचे. मग तो विश्वकर्मा पूजेचा दिवस आला. त्या दिवशी हावड्यात मशीनला कोणी हात लावत नाही. यंत्रं धुऊन पुसून हार घालतात, कामगार गच्चीवर पतंग उडवतात. पण माल दुसऱ्या दिवशी खिदिरपूरच्या गोदीत पोचायचा होता. एकही बंगाली कामगार तयार होईना. हेमंतने मनोहरला बाजूला घेतलं आणि मराठीत सांगितलं, “अरे, आपली पूजा खंडेनवमीला. आज त्यांचा देव आहे, आपला नाही. तू लाव प्रेस.”

मनोहरने मशीनवरचा हार काढून बाजूला ठेवला. तासाभरात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

मनोहरच्या भरपाईच्या दाव्यात हेमंतने कंपनीच्या बाजूने शपथ घेऊन साक्ष दिली. विश्वकर्मा पूजेला हावड्यात कारखाना चालतो का कुठे? मनोहर स्वतःचं खासगी काम करायला आत शिरला असणार. असे दावे ऐकणाऱ्या कामगार आयुक्तांना ते पटलं. अपघात नोकरीच्या कामात झालेला नाही, असं म्हणून त्यांनी दावा फेटाळला. शकुनने मनोहरच्या वतीने हायकोर्टात अपील केलं.

त्या साक्षीच्या वेळी मनोहरच्या वकील यामिनीने हेमंतला उलटतपासणीत एक किरकोळ प्रश्न विचारला होता. मेन स्विचची किल्ली कोणाकडे असते?

“माझ्याकडे,” हेमंत छाती पुढे काढून म्हणाला होता. “त्या दिवशीही माझ्याच खिशात होती. माझ्याशिवाय तिथे पंखासुद्धा फिरत नाही.”

कंपनीचे लोक हसले होते. मनोहरही त्या दिवशी तिथेच होता, उजवी बाही खिशात खोचून. त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. रोज सकाळी शकुन त्याच्या लेंग्याची नाडी बांधायची. तेवढा वेळ तो भिंतीकडे पाहायचा.

“दादा,” घोषबाबूंनी हेमंतला विचारलं, “पहले वाला बयान, उसको ‘मिस्टेक’ लिखेगा कि ‘फॉल्स’?”

“मिस्टेक लिखिए,” हेमंत म्हणाला.

“फॉल्स,” शकुन म्हणाली. मग हेमंतकडे वळून हळूच, “मिस्टेक म्हटलं तर कंपनी सुटेल, भावोजी. तुम्हीच म्हणालात ना, त्यांना सोडायचं नाही.”

“नाहीच सोडायचं!” हेमंतचा चेहरा लाल झाला. “इतकी वर्षं त्यांच्यासाठी खोटं-नाटं केलं. आणि मलाच काढून टाकलं, जाताना गेटवर माझी बॅग तपासली त्यांनी, वहिनी! डबा उघडून बघितला. सगळ्या कामगारांसमोर. लिखिए, फॉल्स लिखिए. हे हायकोर्टात गेलं की थोबाड फुटेल एकेकाचं.”

“फुटायलाच हवं,” शकुन म्हणाली.

“मनोहर काय म्हणाला? मी खरं सांगतोय म्हटल्यावर?”

“म्हणाले, जाऊ दे. सोडून दे त्याला.”

“मोठ्या मनाचा आहे तो.”

“हो,” शकुन म्हणाली. “तेच आहेत मोठ्या मनाचे.”

प्रतिज्ञापत्राचा शेवटचा कागद निघाला. हेमंतने प्रत्येक पानावर सही केली. पलीकडच्या टेबलावरच्या नोटरीने त्याला विचारलं, कोणाचा दबाव नाही ना? “बिलकुल नहीं,” हेमंत म्हणाला, “अपनी मर्ज़ी से.” नोटरीने शिक्का मारला. शकुनने कागद घेतला आणि शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवला.

“आता अपिलाची तारीख कधी?” हेमंतने रुमालाने मान पुसली. “मी स्वतः उभा राहतो न्यायमूर्तींसमोर.”

शकुनने खोक्याची सुतळी सोडली. आत पेढे होते. पहिला घोषबाबूंना दिला, दुसरा हेमंतच्या हातावर ठेवला.

“हे कसले?”

“निकालाचे. शुक्रवारी लागला. आम्ही जिंकलो.”

हेमंतचा हात तसाच राहिला. “माझ्या साक्षीशिवाय?”

“तुमच्याच साक्षीवर. अपिलात नवीन साक्षीदार ऐकत नाहीत, भावोजी. खाली आयुक्तांसमोर जे बोललं गेलं तेच वाचतात, आणि निकाल कायद्याला धरून होता का तेवढंच बघतात. न्यायमूर्तींनी तुमचं वाक्य कंपनीच्या वकिलाला वाचून दाखवलं. म्हणाले, किल्ली मॅनेजरच्या खिशात, मग मशीन या माणसाने स्वतःहून चालवलं कसं? आयुक्तांनी हे बघितलंच नाही?”

बस धूर सोडत गेली. घोषबाबूंनी मशीनमध्ये नवा कागद चढवला.

“मग,” हेमंतने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, “हे कशासाठी?”

शकुनने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“हे पुन्हा खालीच द्यायचंय, आयुक्तांकडे, तुमच्याविरुद्धच्या तक्रारीसोबत. तिथे तुम्ही शपथेवर खोटं बोललात, एवढंच सिद्ध व्हायचं राहिलं होतं.”