डिस म्हणजे नाही

देवीदास मास्तरांचं बोट एकाच शब्दावर अडलं होतं.

अमरावतीच्या शाळेच्या ओट्यावर मनकर्णाबाई बसली होती, सोबत शेजारची दुर्गाबाई. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तसा मनकर्णाबाईचा शेषराव गाठींसोबत मुंबईला गेला होता. पत्र तिथल्या साहेबाचं. जहाजाकडे निघालेली होडी बुडाली, शेषराव डोलकाठीला धरून राहिला, इथवर वाचून झालं होतं.

"इंग्रजी शिकले म्हन्ते, अन् एका शबुदावर गाडं अडलं!" दुर्गाबाई म्हणाली.

मास्तरांना ते झोंबलं. "डिस्क्राइड! डिस म्हणजे नाही. क्राइड म्हणजे रडला. संध्याकाळी तो रडला नाही."

"नाहीच रडत तो. वाघ हाये माहा! अन् मंग?"

"पहाटे 'नॉट डिस्क्राइड'." मास्तरांनी दोन बोटं दुमडली. "नाही आणि नाही, म्हणजे हो. पहाटे रडला."

मनकर्णाबाई उठूनच उभी राहिली. "रडला म्हंजे जित्ता हाये! पैदा झाला तवाबी चुपच होता. सुईन म्हने, गेलं. मंग असा रडला का अख्खं गाव जागं झालं! दुर्गे, पय, गूळ आन!"

दुर्गाबाई खरंच पळाली. मास्तरही हसले. नवा शब्द पोरांना शिकवावा म्हणून त्यांनी कपाटातला जाड कोश काढला. पान सापडलं आणि हसू तिथंच राहिलं.

"काय झालं, मास्तर?"

"मनकर्णाबाई, मी चुकलो." त्यांनी कोशाच्या पानावर बोट ठेवलं. "त्या शब्दात रडणं नाहीच. दुरून, डोळे ताणून, कसंबसं दिसणं, असा अर्थ आहे. संध्याकाळी तो किनाऱ्यावरून तसा दिसला. पहाटे... दिसला नाही."

गूळ घेऊन आलेली दुर्गाबाई पायरीवरच थबकली.

मनकर्णाबाई हळूच खाली बसली. तिनं पत्र हातात घेतलं, उलटं धरलं, तसंच बघत राहिली.

"किनारा लय दूर होता?"

"असावा."

"दिसला नाही, येवढंच लिवलं ना सायबानं? रडला नाही, असं तं नाही लिवलं?"

"नाही."

"रडलाच असन," ती म्हणाली. "तितक्या दुरून सायबाले आयकू कसं येईन?"