पुढचं दार

"ह्या कुटुंबाला मी ओळखत नाही," म्हणत दांडेकरसाहेबांनी अर्ज न वाचताच बळवंतच्या हातात परत कोंबला.

बळवंत त्यांच्या अंधेरीच्या बंगलीच्या ओटीवर उभाच होता. बस म्हणायची तसदी कुणी घेतली नव्हती. अर्ज प्रादेशिक सेनेतल्या अधिकारपदाचा होता. नोकरी सांभाळायची आणि वर्षातले काही आठवडे गणवेश चढवायचा. जागा मोजक्या आणि अर्ज करणारे ढीगभर. कॉलेजातलं एन.सी.सी.चं प्रमाणपत्र, कचेरीची परवानगी, डॉक्टरचा दाखला, सगळं त्यानं खपून जमवलं होतं. आता कुटुंबाला ओळखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची सही तेवढी राहिली होती, आणि ओळखीतले असे अधिकारी एकटे दांडेकरसाहेबच. उद्या अर्ज पोचला नाही, तर सगळंच बोंबललं.

"साहेब, माझी आई सगुणा. वेसाव्याची. इतकी वर्षं ती तुमच्याकडे..."

"हळू बोल रे!" साहेबांनी शेजारी पाहिलं. शेजारच्या ओटीवर जयंतीभाई पेपर वाचत बसले होते. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे. "आणि अधिकारी कशाला व्हायचंय तुला? शिपाई म्हणून जा की. तिथं नाही कुणाची सही लागत."

बळवंतची कानशिलं तापली. तोंडाशी आलेली शिवी त्यानं अर्जासाठी गिळली आणि तो मागच्या बोळात आला.

तिथं सगुणा पाटी घेऊन थांबली होती. दर रविवारी ती ह्या घराच्या मागच्या दारी यायची. पाटीत मासळी आणि वर मेथीच्या जुड्या, म्हणजे बघणाऱ्याला भाजीवाली वाटावी. ही युक्ती साहेबांचीच.

"काय बोलला?"

"ओळखत नाही म्हणाला. शिपाई हो म्हणाला."

सगुणानं पाटी डोक्यावर घेतली.

"आये, तमाशा नको. मी दुसरा कुणीतरी बघतो."

"उद्यापरत? कोन बघतंस? चल मुकाट!"

ती तरातरा पुढच्या फाटकातून आत शिरली, मागोमाग बळवंत. साहेबांच्या नावाच्या पाटीखाली, पहिल्या पायरीवर तिनं मासळी उतरवली. मेथीच्या जुड्या उचलून अंगणात भिरकावल्या.

"सुरमय घ्या गो, सुरमय! ताजी सुरमय!"

बाजारात द्यायची तशीच हाळी होती ती. जयंतीभाईंचा पेपर खाली आला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. दांडेकरसाहेब धावत बाहेर आले.

"काय चावटपणा आहे हा? उचल ते! कोण गं तू?"

"तेच सांगाला आयले, साहेब. कोन मी ते." सगुणानं बळवंतला पुढं ओढलं. "माझ्या हातची मासली पोटात जाते तुमच्या. पोर माझा बीए झालाय, तुमच्यासारखाच. आन त्याला तोंडावर सांगता, वलखत नाय? लाज नाय वाटली?"

"आवाज खाली कर. मागच्या दारी ये, बघू काय ते."

"नाय येत."

मग वसुधाबाई, साहेबांची बायको, हातात ताट घेऊन पुढच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. चारचौघांदेखत त्या पाटीपुढे उकिडव्या बसल्या.

"सगुणा, सुरमई दे गं. नेहमीची."

सगुणानं पाटीवर फडकं ओढलं.

"ज्यांची वलख नाय त्यांना मी मासली देत नाय, बाय."

वसुधाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या उठल्या. रिकामं ताट त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं, बळवंतच्या मुठीतला अर्ज ओढून घेतला आणि ओटीच्या कठड्यावर ठेवून तळहातानं सरळ केला.

"पेन आणा," त्या म्हणाल्या. "आत नाही. सही इथं करायची."

साहेब ताट धरून उभे राहिले. जयंतीभाई बघतच होते.