गंजाचं पीठ

आंध्रातल्या मुधोळच्या माणिकरावांचा पुतण्या दिगंबर हैद्राबादला कॅसेटच्या कंपनीत होता. तिथं लोखंडाचा गंज पिठाहून बारीक करून पट्टीवर चढवायचे. "लोकायची पोरं लोखंड बनवतेत, आमचा गंज बनवून राह्यला," असं माणिकराव चारचौघांत म्हणायचे.

मंडल परिषदेच्या अध्यक्षाचं तिकीट भाषणं ऐकून ठरवायला पक्षाचे साहेब सभेला यायचे होते, अन् ऐन वेळी माणिकरावांचा घसा बसला. तरी चिंता नव्हती. दसऱ्याचं भाषण टाळ्यांसकट कॅसेटमधे भरलेलं होतं. पण कॅसेट टेपमधून काढताना बोटाला तपकिरी भुकटी लागली, अन् त्यांनी सुट्टीला आलेल्या पुतण्याला हाक मारली.

"दिगू, हे काय झडून राह्यलं रे?"

"गंज हाये, काका. तुमचा आवाज त्याच्यातच राह्यते."

पुढचं ऐकायला थांबतील ते माणिकराव कसले. आवाज लोखंडात, तर लोखंड धरून ठेवायला चुंबक पाहिजे, एवढं तर बैलालाही कळतं. त्यांनी मोडक्या भोंग्यातला भलामोठा चुंबक काढला, कॅसेटला सुतळीनं करकचून बांधला अन् सभेपर्यंत तसाच ठेवला.

सभेत टेप लावला. चुंबकानं सगळं भाषण पुसून टाकलं होतं; अर्धा तास नुसतं खर्रर्र. बंद करायची हिंमत कोणाला होईना. कार्यकर्त्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.



तिकीट माणिकरावांनाच मिळालं. सकाळपासून मराठी भाषणं ऐकत बसलेले तेलुगू साहेब म्हणाले, "आज का यही एक भाषण पूरा समझ में आया."