सोमवारची भाकरी

बेचाळीसच्या चळवळीत फरारी झालेला लेक घरी येईपर्यंत मनुबाईनं सोमवारचे उपवास धरले होते. तशीच उपाशीपोटी ती त्याच्यासाठी भाकरी घेऊन पाटणच्या रानात जायची. करवंदीच्या जाळीत तो बसायचा आणि सातभाईंचा थवा त्याच्या पायांशी चुरा टिपत निवांत नाचायचा. आजच्या सोमवारी मात्र सगळी पाखरं झाडावर चढून जाळीकडं बघत कलकलाट करत होती. साप असता, तर ती त्याच्यामागं सरकत गेली असती. ही जागची हलत नव्हती. जाळीत परकं माणूस होतं. मनुबाई तिथंच दगडावर टेकली. जाळीतून दोन पोलीस बाहेर आले. “भाकरी कुणाला चालवलीस, म्हातारे?” “कुणाला न्हाई, सायेब. लाकडं गोळा कराया आले, माजीच न्याहारी हाय.” “मग खा आमच्यासमोर.” तिनं मनातच महादेवाची माफी मागितली, अख्खी भाकरी खाल्ली आणि चुरा पाखरांपुढं टाकला.