बटाट्याची गोळी

"घरात मांजर आहे?" सुनेनं विचारलं.

सासरे तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, सकाळी तूच तिला दूध घातलंस."

"म्हणजे आहे. ती आणि हा कुत्रा जवळ जवळ झोपतात?"

"एकाच पोत्यावर. तुझ्याच खोलीच्या दाराशी."

आपला कुत्रा घेऊन बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलेले बेकरीवाले काका फिसकन हसले. तपासणीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्यांची करमणूक फुकटात चालली होती.

सासरे म्हणजे मोठे डॉक्टर. जनावरांचा हा दवाखाना त्यांनी उभा केला होता. सून या घरात आली तीच जनावरांची डॉक्टर होऊन, पण लोकांच्या लेखी ती अजून सूनबाईच होती. ती खुर्चीत बसलेली असली तरी येणारा माणूस तिच्या खांद्यावरून आत डोकावायचा आणि विचारायचा, "मोठे डॉक्टर नाहीत का?" त्यातून तिची ही प्रश्नांची सवय. औषध देण्याआधी ती प्रत्येकाला तेच ठरलेले प्रश्न विचारी. ओळखीचा असो, घाईत असो, कुणाचीही सुटका नव्हती. मोठे डॉक्टर जनावराच्या अंगावरून हात फिरवून झटकन औषध सांगत, म्हणून लोक त्यांच्यासाठी ताटकळत बसत. आपण घरी बसलो की दवाखाना ओस पडणार, ही धास्ती मोठ्या डॉक्टरांना होतीच. जेवताना ते तिला चिडवत, "तुझा तो दवाखाना नाही, पोलीस चौकी आहे."

आज टेबलावर त्यांचाच कुत्रा होता. त्याचं नाव बटाट्या, आणि तो दिसायलाही तसाच होता. सासूबाईंनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. त्याच्या अंगावर गोचिड झाले होते, पिसवाही होत्या, आणि कातडी इतकी नाजूक की साबण बदलला तरी चट्टे उठत. मागे गोचिड मारणारा पट्टा बांधला तर गळा सोलवटून निघाला होता. यावर मोठ्या डॉक्टरांनी तोडगा काढला होता तो खायच्या गोळीचा. औषध कातडीला लागायलाच नको. वेष्टन फोडून गोळी त्यांनी तळहातावर घेतलीसुद्धा होती. गोळीला मांसाचा वास होता. बटाट्या जिभल्या चाटत होता.

"बाबा, थांबा. एक राहिलंय." सुनेनं हात मध्ये घातला. "याला कधी फिट आली होती?"

"याचा डॉक्टर मी आहे ना? आली असती तर मला कळलं नसतं?"

आवाज चढलेला होता. बाहेर बेकरीवाल्यांनी मान पुढे काढली. आता सूनबाई गप्प बसणार, असा त्यांचा होरा होता. ती सासूबाईंकडे वळली.

"आई, दिवसभर याच्याजवळ तुम्ही असता. मी या घरात यायच्या आधी कधी हा अंग ताठ करून, पाय झाडत पडला होता का?"

"हो की," सासूबाई म्हणाल्या. "लहान होता तेव्हा. तोंडाला फेस आला होता. हे कुणाच्या तरी अडलेल्या गाईला सोडवायला गेले होते. आल्यावर सांगितलं तर म्हणाले, झोपेत पळत असेल." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "नंतर पुन्हा एकदा पडला तेव्हा मी बोललेच नाही. म्हटलं, डॉक्टर हे का मी?"

मोठ्या डॉक्टरांनी मूठ मिटली. बटाट्यानं नाक मुठीवर दाबलं तसा त्यांनी हात मागे घेतला. फिट येऊन गेलेल्या कुत्र्याला या जातीच्या गोळीनं पुन्हा फिट येऊ शकते, हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या कुणाचा कुत्रा असता तर कदाचित त्यांनी विचारलंही असतं. पण घरच्या कुत्र्याबद्दल घरच्यांना काय विचारायचं?

"मग काय द्यायचं?" त्यांनी विचारलं. या खोलीत हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाही विचारला नव्हता.

"मानेवर सोडायचे थेंब. मांजरालाही चालणारे, कारण ती याला चाटल्याशिवाय राहायची नाही. आधी वजन करू. औषध टाकलं की थोडा वेळ बाहेर बसा, कातडी लाल होते का बघू. घरी रोज बारीक कंगवा फिरवायचा आणि ते पोतं गरम पाण्यात धुवायचं."

"पोतं मी टाकूनच देते," सासूबाई म्हणाल्या.

गोळी खणात ठेवून मोठे डॉक्टर टेबलाला वळसा घालून जनावरांच्या मालकांच्या बाजूला येऊन उभे राहिले. सुनेनं वजन केलं, मानेवरचे केस बाजूला सारून थेंब सोडले. तिचा हात स्थिर होता. समोर सासरा, तोही मोठा डॉक्टर, तोही चिडलेला, तरी तिनं एक प्रश्न गाळला नव्हता. आपली चूक चारचौघांत उघडी पडली याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. स्वतःबद्दल त्यांना असं कधी वाटलं नव्हतं.

ते बटाट्याला उचलून बाहेर आले. बेकरीवाले लगबगीनं उठले. "बरं झालं आलात. त्या चौकशांत कोण पडणार? मी मघापासून मोठ्या डॉक्टरांसाठीच थांबलोय."

डॉक्टर बाकावर टेकले. बटाट्याला त्यांनी मांडीवर नीट बसवलं.

"मग जा की," ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टर आत आहेत. मी माझा पेशंट घेऊन आलोय."